कस्टर्डच्या पुढचा शब्द

रत्नागिरीत मला खोली मिळाली ती एका मडक्यामुळे. मी मूळची सांगलीकडची. इथल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी लागली आणि जागा शोधत शोधत शहराबाहेर, आरे-वारेच्या रस्त्यालगतच्या एका वाडीत येऊन पोहोचले. घरमालक पडवीतल्या बाकावर बसले होते. त्यांनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, डिपॉझिटचा तर विषयच काढला नाही. काम काय करता, एवढंच विचारलं. मी म्हटलं, लॅबमध्ये आहे, रक्ताच्या वगैरे टेस्ट करते. तसे ते ताठ बसले.

टेस्ट म्हणजे काय, असं त्यांनी विचारलं. मी शुगर, थायरॉइड, हिमोग्लोबिन असं सुरू केलं, तर त्यांनी हात वर करून मला थांबवलं. टेस्ट म्हणजे मडकं. लॅटिनमध्ये टेस्टा म्हणजे भाजलेल्या मातीचं भांडं, त्याचं खापर, आणि शिंपल्याचं कवचसुद्धा. सोन्यात खोट आहे का हे बघायचं तर पूर्वीचे लोक ते खापराच्या वाटीत वितळवत. त्या वाटीचं नाव टेस्ट. आता वाटी गेली, नाव राहिलं, आणि तुम्ही दिवसभर माणसांना मडक्यात घालता, असा त्यांनी समारोप केला. समारोप माझ्या समजुतीप्रमाणे. प्रत्यक्षात तिथून त्यांनी फ्रेंच माणसाच्या डोक्याकडे मोर्चा वळवला, कारण फ्रेंच लोक डोक्यालाही मडक्याच्याच नावाने हाक मारतात. मला जागेची गरज होती म्हणून मी मान डोलवत राहिले. शेवटी आतून त्यांच्या पत्नी, म्हणजे काकू, चहा घेऊन आल्या, माझ्याकडे नीट बघितलं, आणि खोलीची किल्ली ट्रेमध्ये कपाशेजारी ठेवली. आधीचे लोक चहा यायच्या आत उठून गेले होते, हे मला काकूंनी पुढे कधीतरी सांगितलं.

अशी मी सरांची भाडेकरू झाले. सर म्हणजे हायस्कुलातले इंग्रजीचे निवृत्त शिक्षक. त्यांच्याहून वयाने मोठी माणसंही त्यांना सरच म्हणत. त्यांचे दोन शर्ट सोडून बाकी सगळ्यांना खिसा होता, आणि ते दोन शर्ट ते वापरत नसत, कारण खिशात एक शिंपला लागायचा. अंघोळीच्या खोलीत साबण शिंपल्यात, टेबलावर टाचण्या शिंपल्यात, देवघरात शंख. उन्हाळ्यात दार आपटू नये म्हणून लावायला एक भलामोठा शंख होता आणि त्याला ठेचकाळला नाही असा पाहुणा त्या घरात आला नसेल. ठेचकाळलेल्या पाहुण्याला सर आधी कोंखे हा ग्रीक शब्द सांगत आणि मग पायाला काय लावायचं ते विचारत.

हे वेड लागलं कसं, याबद्दल काकूंची हकीकत अशी. सर नवे नवे नोकरीला लागले तेव्हा वर्गातल्या कुणीतरी विचारलं की ही परक्याची भाषा आम्ही शिकायची कशाला. सरांना उत्तर सुचेना. घरी येऊन त्यांनी रागारागाने शब्दकोश उघडला, आणि त्यात त्यांना सापडलं की इंग्रजीतला काँक हा शंखाचा शब्द ग्रीक कोंखेपासून आला आणि कोंखे आणि आपला शंख ही एकाच घरची लेकरं. सरांना इतका आनंद झाला की त्यांनी देवघरातला शंख काढून भर दुपारी फुंकला. शेजारचे लोक धावत आले. तेव्हापासून इंग्रजी ही परकी नाही, लांबची आत्या आहे, असं त्यांचं ठाम मत झालं, आणि तिची सगळी विचारपूस ते शिंपल्याच्याच दारातून करू लागले. दुसरी मुळं का नाही बघत, असं मी एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, एका माणसाने एकच मूळ धरावं; सगळी उपटायला गेलं तर हाती फक्त माती लागते.

त्यांच्या सांगण्याला क्रम होता आणि तो कधी चुकला नाही. पहिला शंख. मग कॉकलिया. मग टेस्ट, मग क्रस्ट, मग कस्टर्ड. तुम्ही मधल्या कुठल्याही स्टेशनावर त्यांना गाठलंत, तरी ते एकदा मागे जाऊन शंखापासून गाडी सोडत.

कॉकलियाची गंमत तर मी स्वतः पाहिली. सरांना कानाने जरा कमी ऐकू यायला लागलं म्हणून काकूंनी त्यांना शहरात कानाच्या डॉक्टरांकडे नेलं, सोबत मी. डॉक्टरांनी कानाच्या आतल्या भागाचं चित्र दाखवून म्हटलं, इथे कॉकलिया असते, तुमचा दोष तिथे आहे. सरांचा चेहरा असा उजळला की बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, दोष नाही, बक्षीस लागलंय. कॉकलिया म्हणजे ग्रीकांचा पिळदार शंख, गोगलगाईचं घर. म्हणजे देवाने प्रत्येक माणसाच्या डोक्यात दोन्ही बाजूंना एकेक शंख बसवून पाठवलाय, हे त्यांनी डॉक्टरांना सविस्तर समजावून दिलं. बाहेर पेशंट खोळंबले. डॉक्टर सज्जन होते, त्यांनी फी घेतली नाही, पण लवकर निघा अशा नजरेने दाराकडे बघितलं. या गडबडीत कानाचं मशीन घ्यायचं राहूनच गेलं. परतीच्या रिक्षात काकू मला म्हणाल्या, "राहू दे गो. ह्यांना ऐकायचंच कधी असतं?"

क्रस्ट माझ्या वाढदिवसाला आला. मी हौसेने पिझ्झा मागवला होता. सरांनी तुकड्याची कडा बोटाने ठोकून बघितली आणि म्हणाले, क्रस्टा, म्हणजे कवच. आपली कुर्ली, तुमचा खेकडा, आणि हा पिझ्झा चुलत भावंडं. तोवर पिझ्झा कुर्लीच्या कवचाइतका कडक झाला होता. आणि कस्टर्ड दर रविवारी असायचा. काकू फळं घालून मोठं पातेलंभर करत. कस्टर्ड म्हणजे मूळ क्रस्टार्ड, कडक पारीत भाजलेला पदार्थ, त्यातली पारी काळाच्या ओघात विरघळली आणि उरलं ते हे पिवळं पाणी, असं सर दर रविवारी त्याच शब्दांत सांगत. काकू आपलं कस्टर्ड पिवळं पाणी आहे हे दर रविवारी ऐकून घेत. मी खरं सांगते, मी कस्टर्डपर्यंत ऐकायचे. त्यापुढे माझा कान आपोआप मिटायचा, तोंड तेवढं हं हं करत राहायचं.

म्हणूनच कस्टर्डच्या पुढे आणखी एक शब्द आहे, हे मला बरेच दिवस कळलं नव्हतं. तो पूर्ण ऐकणारं वाडीत एकच माणूस होतं. शेजारच्या आते.

आतेंचं आणि सरांचं घर यांच्यामध्ये एक गडगा होता, जांभ्या दगडांचा, कमरेएवढा उंच. आतेंचे यजमान बोटीवर खलाशी होते, आता हयात नव्हते. मुलगा मुंबईला. आते ओहोटी बघून खाडीवर जात, तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढून आणत, आणि दुपारी गडग्याशी बसून त्या धूत. सर अलीकडून गडग्यावर कोपर टेकून शंखापासून सुरुवात करत. आते धुणं थांबवत नसत आणि ऐकणंही. तिसऱ्यांना पाणी कमी पडलं की सरांनाच बादली आणायला पाठवत, सर बादली घेऊन येत ते पुढच्या शब्दापासून चालू. एकदा आतेंनी विचारलं होतं, "सरांनू, तुमचा हा ल्याटिन शिजल्यावर कसा लागता?" सर यावर मनापासून हसले होते. संध्याकाळी गडग्यावरून झाकलेलं पातेलं यायचं, त्यात तिसऱ्यांचं सुकं. सर एकेक शिंपला असा चोखत की त्यात काही लिहून ठेवलं असेल तर तेही पोटात जावं.

माझ्या पहिल्याच शिमग्यात ते पातेलं यायचं थांबलं.

आमच्या सांगलीकडे होळी म्हणजे शेणी आणि एरंडाची फांदी. इथे अख्खं झाड लागतं. वाडीतली मंडळी कुणाच्या तरी आवारातलं एखादं झाड नक्की करतात, ते तोडून वाजतगाजत साणेवर, म्हणजे देवीची पालखी बसते त्या चौथऱ्यावर, आणून उभं करतात. ज्याचं झाड निवडलं त्याने नाही म्हणायचं नसतं. देवीनेच मागितलं असं धरतात. त्या वर्षी आतेंच्या आवारातला रायवळ आंबा निवडला गेला. तो यजमानांनी एका सुटीत बाठा पुरून लावलेला. आते विळी घेऊन झाडाखाली जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, दुसरा कुठलाही न्या, ह्यो नाय. कुऱ्हाडी परत गेल्या. झाड दुसरीकडून आलं, होळी लागली, पण गोष्ट लागून राहिली.

होळीनंतर पालखी घरोघर निघते. आतेंच्या घरी ती न्यायची की नाही, हे ठरवायला सरांच्याच पडवीत बैठक बसली. मी माझ्या खोलीत, दार अर्धं उघडं. वाडीचे प्रमुख मानकरी तात्या, सरांचे भावकीतले चुलतभाऊ. माणूस कठोर नव्हता. दोन्ही बाजूंचं बोलून झालं तरी त्यांचा निर्णय होईना, तेव्हा ते सरांकडे वळले. तुम्ही शिकलेले, तुम्ही सांगा, असं कुणाला आपण बाजूला ठेवतो ते बरोबर की चूक.

आता, सर जन्मभर कशाची वाट बघत होते? कुणीतरी स्वतःहून कस्टर्डच्या पुढचं विचारावं याची. ते उभे राहिले. शब्द होता ऑस्ट्रसाइझ, म्हणजे वाळीत टाकणं. ग्रीक ऑस्ट्राकॉन, म्हणजे खापर, म्हणजे कवच. आपण कालवं खातो ना, ऑयस्टर, तो त्याचाच भाऊ. अथेन्स शहरात लोक जमत, फुटक्या मडक्याच्या तुकड्यावर नाव खरडत, ज्याच्या नावाची खापरं जास्त त्याने दहा वर्षं गावाबाहेर जायचं. भलेभले सेनापती गेले. खापरच का, तर पपायरस महाग आणि खापरं रस्त्यात पडलेली. सर खापराच्या मातीबद्दल बोलले, अक्षरं कशाने कोरत याबद्दल बोलले. चांगलं की वाईट, याबद्दल चकार शब्द बोलले नाहीत. ते त्यांच्या डोक्यातच आलं नाही. मंडळींनी माना डोलावल्या. एकजण म्हणाला, म्हणजे लोकशाहीत बसतंय. तात्या म्हणाले, मग ठरलं.

सर खाली बसले, पाणी प्यायले आणि शेजारच्याला विचारलं, "काय ठरलं?"

पालखी आमच्याकडे आली. देवीची ओटी भरली, मला सांगलीकरणीला सगळ्यांनी पुढे केलं, पालखीखालून जायला लावलं. मग ढोल गडग्यापलीकडे गेले. आतेंनी अंगणातलं खळं सारवलं होतं, रांगोळी काढली होती, हातात ओटीचं ताट घेऊन त्या बेड्याशी, म्हणजे आवाराच्या फाटकाशी उभ्या होत्या. पालखी समोरून गेली आणि वळली नाही. आते ढोल दिसेनासे होईपर्यंत ताट धरून तशाच उभ्या राहिल्या. मी त्या वाडीत नवखी होते, कुणाची कोण नव्हते, पण मला ते बघवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सर गडग्याशी गेले. मी कपडे वाळत घालत होते. आपण फक्त शब्दाचं मूळ सांगितलं, बाजू घेतली नाही, हे त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितलं. आते तिसऱ्या धूत होत्या. त्यांनी वर बघितलं नाही.

"त्यो शब्द माका ठाव होता, सरांनू," त्या म्हणाल्या. "तुमीच सांगितलेलात. हितंच, तिसऱ्या धुताना."

सर परत आले ते थेट आत गेले. त्यानंतर त्यांनी बोलणं बंद केलं असं समजू नका. शंख झाला, कॉकलिया झाला, कुणी टाइल्स बसवणारा आला तर त्याला टेस्टा झाला. पण कस्टर्ड आला की ते थांबत, रुमालाने तोंड पुसत, आणि उठून जात. मला वाटलं, आटोपशीर बोलायला लागले, बरं झालं. काकूंनी सांगितलं तेव्हा कळलं, की शेवटचा शब्द त्यांनी टाकला होता.

नुसते हळहळत बसले असंही नाही. तात्यांकडे दोनदा जाऊन आले. तात्या म्हणाले, वाडीसमोर ठरलेलं आहे, ते वाडीच्याच तोंडून फिरायला हवं, माझ्या एकट्याच्या नाही. कुणीतरी सुचवलं की आता असल्या गोष्टींना कायदा आहे, पोलिसात एक अर्ज गेला की सगळे सरळ होतील. सर तो निरोप घेऊन गडग्याशी गेले. आते म्हणाल्या, पोलिसांनी आणलेली देवी मला नको, आपल्या पायांनी येईल तर येऊ दे. मग वर्षभर दोन घरांत गडगा होता तो खरोखरच गडगा झाला. ओहोटीच्या दिवशी संध्याकाळी सर उगाचच पडवीत रेंगाळत, आणि काकू मुद्दाम मोठ्या आवाजात सांगत की आज वांगं केलंय.

पुढचा शिमगा जवळ आला तशी काकूंनी एक बातमी आणली. गडग्यावरून बायकांचं बोलणं चालूच होतं, बंद होतं ते फक्त सरांचं. आतेंना नात झाली होती. मुलगा-सून तिला घेऊन मुंबईहून शिमग्याला यायचे होते. नवं मूल पालखीतल्या देवीच्या पायाशी ठेवायचं, ही इथली रीत. आतेंचा मुलगा ठेवला गेला होता, त्याचा बापही. या वर्षी पालखी दारात आली नाही तर मुलगा पुढे कधी पोरीला घेऊन गावी येणार नाही, हे आतेंना कळत होतं. त्याने फोनवर तसं बोलूनही दाखवलं होतं. काकूंनी हे सांगितलं ते सरांनी ऐकून घेतलं. त्यांनी खिशातला शिंपला काढला, बघितला, परत ठेवला.

आणि त्याच सुमारास तात्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं. मुंबईहून बरे होऊन आले, पण आवाज गेला तो गेलाच. बोलायचं तर कुजबुज, तीही जवळ जाऊन ऐकावी लागे. आता प्रश्न आला गाऱ्हाण्याचा. पालखी साणेवरून हलण्याआधी मानकऱ्याने देवीला गाऱ्हाणं घालायचं असतं. एकाने मोठ्याने म्हणत जायचं, आणि प्रत्येक विसाव्याला सगळ्या वाडीने एका सुरात म्हणायचं, व्हय म्हाराजा. ते काम तात्यांच्या भावकीचं, आणि भावकीत दुसरा दणदणीत आवाज एकच होता, अख्खी नोकरी हायस्कुलात काढलेला. तात्यांनी बोट दाखवलं. वाडीत चिंता पसरली. एकाने सुचवलं, पालखी दुपारच्या आत निघेल ना, तेवढं देवीलाच विचारा.

आदल्या दिवशी संध्याकाळी सर माझ्या दाराशी आले. ते कधी येत नसत. काहीसं अवघडून त्यांनी विचारलं, "तू माझं बोलणं कुठपर्यंत ऐकतेस? खरं सांग."

मी कानकोंडी झाले. सगळं ऐकते, असं म्हणणार होते, पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघून खोटं बोलवेना. म्हटलं, सर, कस्टर्डपर्यंत.

"आणि पुढे?"

पुढे नुसतं हं हं करते, मी म्हटलं.

मला वाटलं, वाईट वाटेल त्यांना. उलट ते खूश दिसले. छान, म्हणाले, आणि गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी वाडी साणेवर. पालखी सजलेली, ढोलवाले खांद्याला पट्टे लावून तयार. आम्ही बायका एका बाजूला. आते आलेल्या नव्हत्या. त्या घरी ताट तयार ठेवून बसल्या होत्या, सूनही, तान्ही नातही. मुलगा तेवढा गर्दीच्या अगदी मागे हाताची घडी घालून उभा होता. सर पुढे झाले, डोक्याला पंचा गुंडाळलेला, हात जोडलेले.

सुरुवात त्यांनी अगदी रीतीप्रमाणे केली. देवीचं नाव, सीमेवरचे देव, वाडीचा राखणदार, गेलेले पूर्वज. विसावा आला की लोक मन लावून व्हय म्हाराजा म्हणत होते. मग मुंबईची पोरं, आंब्याचा मोहर, समुद्रातल्या होड्या. व्हय म्हाराजा. सर समुद्रावर आले आणि मी काकूंकडे बघितलं, कारण समुद्रात शंख असतो.

"ह्या दर्यात जो शंख हाय, त्येका ग्रीक लोक कोंखे म्हणतत, त्यो आपल्याच रक्ताचा हाय, म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा."

पुढच्या रांगेतल्या दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मग माणसाच्या कानातला शंख झाला. व्हय म्हाराजा. मडकं झालं, सोनं झालं, फ्रेंच माणसाचं डोकं झालं. एव्हाना ऊन वर आलं होतं. कुणी मोबाइल काढला, कुणी छत्री उघडली, ढोलवाला ढोलावर हनुवटी टेकून उभा राहिला. पण व्हय म्हाराजा चुकत नव्हतं. ते म्हणायला ऐकावं लागत नाही. आवाज खाली पडला की तोंड आपोआप उघडतं, पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे. कुर्ली आली, पिझ्झा आला. व्हय म्हाराजा. काकू माझ्या शेजारी पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. आणि मग सरांनी, देवीच्या साक्षीने, भर साणेवर, कस्टर्ड आणला.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी कान उघडे ठेवले. बहुतेक त्या सगळ्या गर्दीत तेवढे माझेच उघडे होते.

"तर कवण्या एका गावात खापरावर नाव लिवून माणूस भायेर काढीत, त्यो गुन्हा, म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा."

"तसाच गुन्हा गेल्या साली हितं घडला. त्येचा शब्द माझ्या तोंडातना गेला, त्यो दोष माझा, म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा." याला जोर जरा जास्तच होता.

"ता खापार आज तुझ्या पायाशी फुटला, म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा."

"नि तुझी पालखी आज वाडीतल्या सगळ्या घरांका, पयली खलाशाच्या घरी, नव्या लेकराक आशीर्वाद देऊक जायत, म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा."

सर थांबले. त्यांचा आवाज थांबला म्हणून लोक जागे झाले. क्षणभर कुणालाच काही कळलं नाही. मग मागून कुणीतरी विचारलं, आता सर काय म्हणाले? पुढच्याने सांगितलं. त्याच्या पुढच्याने पुन्हा विचारलं. कुजबुज वाढली. एकजण पुढे येऊन म्हणाला, हे धरायचं नाही, आमचं लक्ष नव्हतं. सर हात जोडून तसेच उभे होते. वर्गात चाळीस पोरांना गप्प करणारा माणूस, पण त्या वेळी कुणी नुसता शिंकला असता तरी ते रडले असते.

तात्या पालखीशी गेले. दांड्यावर हात ठेवला आणि काहीतरी बोलले. कुणाला ऐकू आलं नाही, म्हणून सगळे गप्प झाले आणि पुढे वाकले. तात्यांनी पुन्हा सांगितलं.

"आमचा लक्ष नव्हता. देवीचा होता."

मग त्यांनी ढोलवाल्याकडे बघून मान हलवली. भावकीत आवाज असलेला दुसरा कुणी नव्हता हे खरं, पण बेताच्या आवाजाच्या कुणालाही ते उभं करू शकले असते. तात्यांनी बोट सरांकडेच का दाखवलं, हे मी कधी विचारलं नाही.

ढोल वाजले. मागे उभा असलेला आतेंचा मुलगा हाताची घडी सोडून घराकडे पळत सुटला.

पालखी आतेंच्या खळ्यात नाचली. तान्ही पोर देवीच्या पायाशी ठेवली तेव्हा ती रडली नाही, उलट ढोलवाल्याकडे बघत राहिली. आतेंनी ओटी भरली, पालखीवर हात ठेवला आणि तो काही केल्या काढेनात. वर त्या आंब्याला त्या वर्षी मोहर बरा होता. मी रडले, काकू रडल्या, झाड न्यायला आलेले गेल्या वर्षीचे कुऱ्हाडवालेही नाक पुसत होते. सर मात्र गडग्याच्या अलीकडे, आपल्याच आवारात उभे होते. आत या, असं कुणी म्हटलं नव्हतं. आतेंनी एकदा तिकडे बघितलं आणि त्या पुन्हा पालखीकडे वळल्या.

पालखी देवळात परत बसली, मुंबईची माणसं परत गेली. त्यानंतरच्या ओहोटीला संध्याकाळी मी लॅबमधून आले, तर गडग्यावर झाकलेलं पातेलं. आसपास कुणी नाही. काकूंनी ते उचलून आत आणलं आणि तीन ताटं घेतली.

सर जेवायला बसले. पहिला शिंपला उचलला, बराच वेळ हातात धरला, मग चोखला. दुसरा घेतला. ताटाच्या कडेला शिंपल्यांचा ढीग वाढत गेला आणि शंख आला नाही, कॉकलिया आला नाही, काहीच आलं नाही. मला ती शांतता सहन होईना. इतक्या दिवसांत जे कधी केलं नव्हतं ते मी केलं. स्वतःहून विचारलं, सर, तिसरीला लॅटिनमध्ये काय म्हणतात?

त्यांनी वर बघितलं नाही. त्यांचे डोळे भरले होते, ते तिखटाने असतील असं काकूंनी नंतर सांगितलं.

"गार होतील," ते म्हणाले. "आधी जेव."